विक्का 'हजारो वर्षं जुना' कसा झाला, थोडी पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना विक्का, म्हणजे विसाव्या शतकात इंग्लंडात उभा राहिलेला देवी आणि निसर्ग पूजणारा धर्म, भेटतो तो कॉलेजच्या वयात, मोबाईलवर, आणि बहुतेक दोनच रूपांत. एकतर चेटकिणींचा धर्म म्हणून घाबरायचं, नाहीतर चर्चने नव्वद लाख बायका जाळून दडपलेला प्राचीन देवीपंथ म्हणून भारावून जायचं. दुसरं रूप आपल्याकडे पटकन पटतं, कारण सौंदत्तीची यल्लम्मा, पौर्णिमेची यात्रा, 'उदो गं आई उदो' हे सगळं घरातलंच, मग पौर्णिमेला देवी पूजणारे गोरे लोकही आपलेच वाटायला लागतात.

तर हा 'प्राचीन पंथ' मुख्यतः मार्गारेट मरे बाईंच्या डोक्यातून आला. जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा, आणि अभ्यास इजिप्तचा! १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की युरोपात चेटूक म्हणून ज्यांच्यावर खटले झाले ते लोक खरंतर जुन्या सुफलतेच्या धर्माचे होते. इतिहासकारांनी ते खोडून काढलं, पण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली चेटुकाची नोंद १९२९ पासून चाळीस वर्षं मरेबाईंचीच होती, मग सामान्य वाचकाने दुसरं काय मानायचं. नव्वद लाखाचा आकडाही असाच, अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाच्या अंदाजातून फुगलेला. आज अभ्यासक चाळीस ते साठ हजार धरतात, त्यात पुरुषही होते, आणि इंग्लंडात तर जाळत नव्हते, फाशी द्यायचे. साठ हजार म्हणजे काय कमी झाले का, पण आकडा बरोबर पाहिजे.

मरेबाईंच्या कल्पनेला देह दिला जेराल्ड गार्डनरने. सिलोन, बोर्निओ, मलायात मळ्यांवर आणि नंतर कस्टममध्ये नोकरी केलेला, मलायी क्रिस कट्यारींचा नादिष्ट, १९३६ ला रिटायर होऊन इंग्लंडात परतला. १९३९ मध्ये इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टजवळच्या चेटकिणींच्या एका गुप्त मंडळात दीक्षा मिळाली असं तो सांगायचा. उघडपणे बोलायला लागला मात्र १९५१ नंतर, कारण त्या वर्षी १७३५ चा विचक्राफ्ट अ‍ॅक्ट रद्द झाला.

हा कायदा आपल्या लोकांनी नीट बघण्यासारखा आहे. तो चेटूक करणाऱ्यांना मारायचा कायदा नव्हता, उलट चेटूक येतं असं सांगून लोकांना गंडवणाऱ्यांना शिक्षा करणारा होता. १९४४ मध्येसुद्धा हेलन डंकन नावाची मृतात्म्यांशी बोलणारी बाई त्याखाली तुरुंगात गेली. म्हणजे देवऋषी, भोंदू बाबा यांच्याविरुद्ध कर्नाटकने २०१७ मध्ये केलेल्या आणि २०२० पासून लागू झालेल्या कायद्याचाच लांबचा चुलता म्हणा. तिकडे तो कायदा गेला आणि तीन वर्षांत, १९५४ ला, गार्डनरचं या पंथावरचं पुस्तक आलं, प्रस्तावना अर्थातच मरेबाईंची.

विक्काच्या सणांचंही तेच, दिसतात जुने पण आहेत नवे. आठ सणांचं चक्र या स्वरूपात १९५० च्या दशकात बसलं, सप्टेंबरच्या सणाचं माबोन हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने ठेवलं. सॉविन (Samhain) हा सण ३१ ऑक्टोबरला, म्हणजे तिकडची पिकं आत येऊन थंडी सुरू होते तेव्हा, खानापुरात तेव्हा भात अजून शिवारात उभं असतं आणि बेळगावात दुसऱ्या दिवशीच्या, सीमाभागातले मराठी लोक निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाची तयारी चाललेली असते, त्यामुळे ते चक्र इथे जसंच्या तसं चिकटवण्यात काय अर्थ ते चिकटवणाऱ्यांनी सांगावं.

आणि हे सगळं बाहेरच्या टीकाकारांनीच शोधलं असंही नाही. १९५३ मध्ये गार्डनरकडून दीक्षा घेतलेल्या पुजारीण डोरीन व्हॅलिएंटेला त्याच्या 'जुन्या' पूजाविधींच्या पोथीत अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज तांत्रिक लेखकाच्या ओळी सरळ ओळखू आल्या, तिने त्या बऱ्याच काढल्या आणि स्वतः नव्याने लिहिलं, आज विक्काच्या पूजेत देवीची म्हणून जी आज्ञा म्हटली जाते तिचं गद्य तिचंच. १९५७ ला गार्डनरच्या प्रसिद्धीच्या हौसेवरून भांडण झालं तेव्हा त्याने अचानक 'प्राचीन नियम' बाहेर काढले, त्यात एक असा की वय झालं की पुजारणीने तरुण बाईसाठी जागा सोडावी. एवढे प्राचीन नियम आत्तापर्यंत होते कुठे, असं म्हणून डोरीन आपली माणसं घेऊन बाहेर पडली, पण विक्का काही तिने सोडला नाही.