तळ्याच्या पाटीवर नसलेला आकडा

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पुढचे कित्येक दिवस एकच प्रश्न विचारला जात होता, बोटीची क्षमता किती होती? प्रश्न रास्तच होता. तेव्हापासून कुठल्याही जेट्टीवर गेलो की मी आधी पाटी वाचतो. एका बोटीत माणसं किती, लाइफ जॅकेट सक्तीचं, अर्ध्या तासाचे पैसे किती, हे सगळं असतं. या पाण्यात एका वेळी बोटी किती, हे मात्र मला अजून एकाही पाटीवर वाचायला मिळालेलं नाही.

विचारलं तर उत्तर येतं, “एवढं मोठं तळं आहे, मावतात की!” गैरसमज नेमका या ‘मावण्यात’ आहे.

महाबळेश्वरचं वेण्णा तळं घेऊ. साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ साली ते बांधून घेतलं. क्षेत्रफळ साधारण २८ एकर सांगतात. तिथे पेडलच्या आणि वल्ह्याच्या बोटी चालतात, पण समजा तिथे इंजिनाच्या बोटी सोडायच्या आहेत. काठालगतच्या १०० फुटांत वेगाने बोट चालवायची नाही, हा साधा नियम आधी लावू. तळं अगदी ताटासारखं गोल धरलं तर त्याची त्रिज्या १९० मीटर येते. त्यातून ३० मीटर गेले, उरले १६०. शाळेतलं πr² मांडा, जेमतेम २० एकर उरतात. पट्टा २०० फुटांचा केला तर १३. खरं तळं वाकडंतिकडं असतं, काठ लांब असतो, म्हणजे तोटा याहून जास्त. शिवाय उथळ भाग, पाणवनस्पतींचा भाग आणि जेट्टीसमोरची जागा वजा करायची ती वेगळीच.

आता उरलेल्या पाण्याला बोटीच्या आकाराने भागायचं का? तर नाही, कारण चालती बोट स्वतःच्या आकाराएवढी जागा घेत नाही, वेगाएवढी घेते. ताशी ५० किलोमीटरने येणारी जेट स्की सेकंदाला १४ मीटर जाते. समोरून तशीच दुसरी आली तर अंतर सेकंदाला २८ मीटरने कमी होतं. ‘अरे, समोर कोणीतरी आहे’ हे कळून हात हलेपर्यंत दोन सेकंद धरले तर ५६ मीटर संपले. पाण्यात ब्रेक नसतो. जेट स्की तर मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतावरच वळते, त्यामुळे घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडला की बहुतेक जेट स्की नीट वळतही नाहीत. नवशिक्याचा हात नेमकं तेच करतो.

अमेरिकेत धरणं सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या सरकारी खात्याने यासाठी पाण्याचे वर्ग पाडले आहेत. शहरी गजबजलेल्या पाण्यात एका बोटीमागे १ ते १० एकर, उपनगरी पाण्यात १० ते २०, ग्रामीण पण सोयी असलेल्या ठिकाणी २० ते ५०, आणि अगदी निर्जन रानातल्या पाण्यात ४८० पासून ३,२०० एकरांपर्यंत. आकडे त्यांच्या बोटींचे आणि त्यांच्या सवयींचे आहेत, ते उचलून आपल्याकडे लावू नयेत. पण रीत घेण्यासारखी आहे. आधी हे पाणी कशासाठी राखायचं ते ठरवा, मग बोटी मोजा.

इथवर झाली गर्दी. मला खरी ओढ आहे ती बोटीमागे उठणाऱ्या लाटांची.

तळ्यात बदक पोहताना पाहा. त्याच्या मागे लाटांचा बाणासारखा पंखा उघडतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवलं की खोल पाण्यात हा पंखा दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांचाच असतो, मग पुढे बदक असो की जहाज. वेगाने बदलते ती लाटेची लांबी, आणि तीही वेगाच्या वर्गाने. ताशी १० किलोमीटरला बोटीमागच्या आडव्या लाटेची लांबी ५ मीटर, ताशी २० ला थेट २० मीटर.

आता ६ मीटरची बोट घ्या. तिचा वेग ताशी ११ किलोमीटर झाला की लाटेची लांबी बोटीएवढी होते. एक उंचवटा तोंडाशी, दुसरा शेपटाशी. याहून जोर लावला की शेपूट दोन लाटांमधल्या खळग्यात बसतं, तोंड आभाळाकडे उचललं जातं, आणि बोट स्वतःच उठवलेली लाट चढायला धडपडू लागते. इंजिनाची ताकद या वेळी पुढे जाण्याऐवजी लाटा उठवण्यात जाते. आणखी वेग दिला की स्पीडबोट पाण्यावर चढून सरकू लागते आणि लाट पुन्हा बुटकी होते. म्हणजे सर्वांत वाईट वेग मधला! ‘थोडं हळू चालवा’ असं सांगून काठ वाचत नाही. भरभर चालणाऱ्या माणसाएवढा वेग हवा, तरच लाट दबते. आपल्याकडच्या फेऱ्या पाच-दहा मिनिटांच्या. दर फेरीला बोट निघताना आणि थांबताना हा मधला टप्पा ओलांडतेच.

लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. मालवणजवळच्या देवबागला कर्लीच्या खाडीकाठी मी इंचांच्या खुणा केलेली बांबूची कामटी रोवून बसलो होतो. वल्हवत गेलेल्या होडीने पाणी २ इंच हललं. तोंड वर करून निघालेल्या स्पीडबोटीने ८ इंच. उंची चौपट, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ऊर्जा सोळापट. कांदळवनाच्या मुळांमधला गाळ उठला आणि पाणी दुधाळ चहासारखं झालं. ते निवळायच्या आत दुसरी बोट आली.

मग बोटी काठापासून दूर न्याव्यात? थोडं कठीण गणित आहे. पंख्याच्या कडेवरच्या लाटांची उंची अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात घटते. घनमूळ फार सावकाश वाढतं. ३० मीटरवरून बोट २४० मीटरवर नेली, म्हणजे अंतर आठपट केलं, तरी उंची निम्मीच होते. छोट्या तळ्यात २४० मीटर आणायचे कुठून?

समुद्रकिनाऱ्याला या लाटांचं काही वाटत नाही, तो रोज याहून मोठ्या झेलतो. लहान तळ्यात वारा मोठी लाट उठवूच शकत नाही, त्याला पाण्यावरून तेवढी लांब धाव मिळत नाही. त्यामुळे तिथला काठ कायम लहान लाटांवर वाढलेला, मऊ असतो. शिवाय लाट तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीपर्यंत पाणी हलवते. ६ मीटरची लाट ३ मीटरवरचा तळ चाळवते. गाळाबरोबर त्यातला फॉस्फरस वर येतो, तो शेवाळाचं खत होतो, आणि गढूळ पाण्यात तळाच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही.

हल्ली इलेक्ट्रिक बोट म्हणजे पर्यावरणाला शून्य धक्का, अशी जाहिरात होते. धूर, तेल आणि आवाज वाचतो, हे मोठंच काम आहे. पण लाट इंजिनामुळे उठत नाही, बोटीने बाजूला सारलेल्या पाण्यामुळे उठते. बॅटरीच्या वजनाने बोट जड झाली तर लाट वाढेल.

धरणांच्या जलाशयांत आणखी एक पेच आहे. कोयनेसारखा जलाशय पावसाळ्यात भरतो आणि मे महिन्यापर्यंत उतरत जातो. पर्यटकांची झुंबड मे महिन्यातच. पाणी सर्वांत कमी तेव्हा बोटी सर्वांत जास्त! त्यातच बुडालेल्या गावांचे बांध, विहिरी, झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. अशाच जागी कोणी बुडालं की ‘हा डोह दरवर्षी माणूस मागतो’ असं म्हणतात. डोह काही मागत नाही. पायाखाली अचानक तुटलेला कडा असतो, चिखल असतो, आणि अंगावर लाइफ जॅकेट नसतं. बळीची गोष्ट सांगत बसल्याने ती जागा नकाशावर लाल करायची राहून जाते. म्हणून क्षमतेचा आकडा वर्षाला एक असून चालत नाही, पाण्याच्या पातळीप्रमाणे महिन्यामहिन्याला बदलायला हवा.

मोजणीला मोठी यंत्रणा लागत नाही. सुट्टीचा दिवस आणि साधा दिवस, दोन्हीकडे दर पंधरा मिनिटांनी पाण्यातल्या चालत्या बोटी मोजायच्या, वर ड्रोनचा फोटो असला तर उत्तम. दिवसभराची बेरीज उपयोगाची नाही, सर्वांत गर्दीची वेळ पकडायची. विज्ञान मंडळ असलेली कुठलीही शाळा हे करू शकते. कागद, पेन्सिल, घड्याळ आणि काठाशी रोवायला खुणा केलेली एक कामटी पुरते. कामटी वाऱ्याच्या आडोशाला रोवा, नाहीतर वाऱ्याच्या लाटा बोटींच्या नावावर जमा होतात. माझा पहिला दिवस त्यातच गेला.