रेझोनन्स कर्व्ह फिटिंग (एलसीआर सर्किट)

रेझोनन्स कर्व्ह फिटिंग म्हणजे एलसीआर सर्किटची (एल म्हणजे कॉइल, सी म्हणजे कपॅसिटर, आर म्हणजे रेझिस्टन्स) वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला रीडिंग घ्यायची आणि त्या ठिपक्यांवर सर्किटच्याच गणितातून निघालेला कर्व्ह बसवायचा, म्हणजे रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (जिथे करंट सगळ्यात जास्त होतो ती), शिखराची उंची आणि शिखर किती टोकदार आहे ते सांगणारा क्यू फॅक्टर, हे तिन्ही आकडे त्यांच्या एररसकट मिळतात. पुस्तकातला मराठी शब्द अनुस्पंदन, पण लॅबमध्ये सगळे रेझोनन्सच म्हणतात म्हणून इथेही तेच.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टन्स सीरिजमध्ये लावायचे, फंक्शन जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची, रेझिस्टन्सवरचा व्होल्टेज लिहीत जायचा, मग ग्राफ पेपरवर ठिपके, हाताने काढलेलं वळण, शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर आडवी रेघ, ती जिथे कापते त्या दोन हाफ पॉवर फ्रिक्वेन्सी, त्यांच्यातलं अंतर म्हणजे बँडविड्थ, आणि रेझोनन्स फ्रिक्वेन्सी भागिले बँडविड्थ म्हणजे क्यू. पद्धत बरोबरच आहे, पण पंचवीस रीडिंग घेऊन उत्तर ठरतं तीन जागांवर आणि बाकीची मेहनत जर्नलमध्येच पडून राहते. फिट केलं की प्रत्येक रीडिंग उत्तरात भाग घेतं.

आता कुठला कर्व्ह बसवायचा, सगळं यावरच आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत गॉसियन, लॉरेंट्झियन, पॉलिनॉमियल असे तयार पर्याय असतात आणि हात आपोआप तिकडे जातो, कारण दिसायला सगळ्या घंटाच. पण सीरिज सर्किटचा करंट (रेझिस्टन्सवरचा व्होल्टेज त्याच्याच प्रमाणात असतो) असा जातो:

करंट = क० ÷ √(१ + क्यू² × (फ/फ० − फ०/फ)²)

इथे क० म्हणजे शिखराचा करंट, फ० रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, फ आपण लावलेली फ्रिक्वेन्सी. हे फंक्शन यादीत नसेल तर स्वतः टाईप करायचं, एका ओळीचं तर काम आहे. गॉसियनचा या सर्किटशी काही संबंध नाही. लॉरेंट्झियन जवळ येतो, पण पॉवरसाठी, आणि तोही क्यू मोठा असताना शिखराच्या आसपासच. करंटला तो तसाच लावला तर वर्गमूळ विसरल्यासारखं होतं.

समजा कॉइल १० मिलिहेन्री, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, रेझिस्टन्स १०० ओहम. फ० येते ५०३३ हर्ट्झ, क्यू ३.१६, हाफ पॉवर फ्रिक्वेन्सी ४३०० आणि ५८९१ हर्ट्झ. म्हणजे शिखरापासून डावीकडे ७३३ आणि उजवीकडे ८५८, दोन्ही बाजू सारख्या नाहीतच! कर्व्ह सममित दिसतो तो लॉग स्केलवर, दोन हाफ पॉवर फ्रिक्वेन्सींचा गुणाकार फ० च्या वर्गाएवढा असतो, त्यांचा मध्य मात्र ५०९५ वर पडतो. सममित घंटा बसवली की फ० उगाच वर सरकते आणि मग कपॅसिटर खराब आहे का अशी शोधाशोध सुरू होते.

व्होल्टेज रेझिस्टन्सऐवजी कपॅसिटरवर मोजला असेल तर फॉर्म्युलाच वेगळा, आणि याच सर्किटमध्ये शिखर ५०३३ ला न येता ४९०५ च्या आसपास येतं.

दुसरी गोष्ट पॅरामीटरची, म्हणजे फिटने शोधायच्या आकड्यांची. व्होल्टेज, रेझिस्टन्स, एल आणि सी हे चारही मोकळे सोडून फिट मारला तर एरर अफाट येतात किंवा फिट बसतच नाही, आणि दोष सॉफ्टवेअरचा नसतो. व्होल्टेज, रेझिस्टन्स, एल तिन्ही दुप्पट करा, सी निम्मा करा, करंटचा कर्व्ह जसाच्या तसा राहतो, मग नुसत्या त्या कर्व्हवरून चौघांना वेगळं ओळखणार कसं? म्हणून क०, फ० आणि क्यू हे तीनच घ्यायचे. व्होल्टेज आपण वेगळा मोजलेला असेल तर या तिघांवरून रेझिस्टन्स, एल, सी काढता येतात.

आणि हा निघालेला रेझिस्टन्स १०० नसतो. जनरेटरचा आतला बहुतेक वेळा ५० ओहम, कॉइलच्या तारेचा समजा २०, एकूण १७०, म्हणजे क्यू १.८६ आणि बँडविड्थ जवळजवळ २७०० हर्ट्झ. थिअरीशी जुळत नाही म्हणून रीडिंग ओढूनताणून बसवणारी मुलं बघितली की वाईट वाटतं, कारण रीडिंग खरं सांगत असतात, थिअरीत रेझिस्टन्स अर्धवट धरलेला असतो. जनरेटरच्या टोकांवरचा व्होल्टेजही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मोजून गुणोत्तर फिट केलं तर ते ५० ओहम हिशोबातून निघून जातात.

फिट करणारं गणित लीस्ट स्क्वेअरचं, फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने १८०५ मध्ये छापली. आपलं फंक्शन नॉन-लिनिअर असल्यामुळे उत्तर एका झटक्यात येत नाही, पायरी पायरीने जावं लागतं, त्यासाठी लेव्हनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांची पद्धत वापरतात. तिला सुरुवातीचा अंदाज चांगला लागतो. पायथनमधल्या सायपाय या गणिताच्या लायब्ररीचं कर्व्ह-फिट फंक्शन आपण काही दिलं नाही तर सगळे पॅरामीटर १ धरतं, म्हणजे फ० एक हर्ट्झ, आणि तिथून पाच हजारावरचं शिखर सापडणं कठीण. फाईलमध्ये किलोहर्ट्झ आणि फंक्शनमध्ये हर्ट्झ असेल तरी हेच होतं. क्यू मायनसमध्ये आला तर घाबरायचं नाही, तो वर्गातच येतो, चिन्ह सोडून द्यायचं.

अंदाज ग्राफ बघूनही चालतो, पण एक छान युक्ती आहे: फ² हा एक्स घ्या आणि फ²/करंट² हा वाय, हा ग्राफ चक्क पॅराबोला येतो. एक्सेलमध्ये दोन डिग्रीची ट्रेंडलाईन टाका, स्थिर पद भागिले एक्स² चा सहगुणक, त्याचं चौथं मूळ म्हणजे फ०. अंतिम उत्तर म्हणून मात्र हे वापरू नये, कारण शेपटीकडचे छोटे करंट भागाकारात खाली जातात आणि त्यांची बारीकशी चूकही फुगते.

स्वतःचं मॉडेल, म्हणजे बसवायचं फंक्शन, लिहायची गरज लॅबपुरती नाही. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेच्या एलईपी या कण आदळवणाऱ्या यंत्रावर झेड बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान (९१.१९ जीईव्ही, हे ऊर्जेचं एकक) आणि रुंदी (२.४९५ जीईव्ही) रेझोनन्स कर्व्ह फिट करूनच काढली, आणि तिथेही टक्करीआधी निसटणाऱ्या फोटॉनमुळे शिखर वाकडं होतं ते मॉडेलमध्ये घालावं लागलं.

फिट झाल्यावर रेसिड्यूअल, म्हणजे मोजलेलं वजा फिट, याचा वेगळा ग्राफ काढावाच. ठिपके शून्याच्या वरखाली विखुरलेले असतील तर मॉडेल चालतंय. लाट दिसली तर काहीतरी राहिलंय, उदाहरणार्थ फेराइट कोअरच्या कॉइलचा रेझिस्टन्स फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो आणि आपण तो स्थिर धरलेला असतो, मग फंक्शनमध्ये त्याच्यासाठी अजून एक पद टाकून परत फिट करायचं.