रस्ता आणि ट्रॅक: टायरची पकड येते कुठून?

‘ट्रॅक डेला जायचंय ना, मग मऊ टायर टाक.’ ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याचा दिवस. दुचाकीस्वारांत हा सल्ला इतका रुळलाय की त्याला कोणी उलट प्रश्नच विचारत नाही. मऊ टायर जास्त धरतो हे अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं तापमानात दडलंय, आणि ज्याला टायरच्या त्याच जोडीवर रोजचा रस्ताही कापायचाय त्याची पंचाईत नेमकी तिथे होते.

घर्षण संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसतं, असं शाळेत शिकवतात. रबर हा नियम पाळत नाही. गाडी ४५ अंशांत झुकवून वळण काढायचं तर घर्षणगुणांक (टायरवरच्या भाराच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) १ लागतो, ५० अंशांना जवळपास १.२. (टायरची रुंदी आणि स्वाराचं बाहेर लटकणं यांमुळे आकडा थोडा हलतो.) चांगल्या ट्रॅकवर तापलेला टायर हे सहज देतो.

या पकडीचा एक भाग चिकटण्याचा. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर धरतात, ताणले जातात आणि सुटतात. मध्ये पाणी किंवा धूळ आली की हे बंद पडतं. दुसरा भाग जास्त मजेशीर आहे. टायर खडीच्या टोकावरून किंचित घसरताना रबर टोकाच्या एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ववत व्हायला उशीर लावतं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहत नाही, आणि या फरकातून घसरण्याला विरोध करणारं बल तयार होतं. रबर लगेच परत आलं असतं तर दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना खोडून गेले असते. ते काचेसारखं कडक असतं तर टोकावर बसलंच नसतं. पकड हवी तर रबर दबलं पाहिजे आणि आळशीपणाने परतलं पाहिजे.

हा आळस तापमानावर अवलंबून असतो, तसाच वेगावरही. डांबराचा गोळा ठेवून दिला तर हळूहळू पसरतो, त्यावर हातोडा मारला तर तडकतो. रबरालाही थंडी आणि घाई एकसारखीच भासते. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या तापमानांना मोजलेले घर्षणाचे आलेख योग्य प्रमाणात सरकवले की एकाच वक्रावर येऊन बसतात. ढोबळमानाने, कंपनांची वारंवारता दसपट झाली की रबर ७-८ अंश थंड झाल्यासारखं वागतं. आता हिशोब करा: घसरण सेकंदाला १ मीटर धरली, तर मिलिमीटरभर अंतरावरचे खडे रबराला सेकंदाला १,००० वेळा ढोसतात आणि मायक्रॉनभर अंतरावरचे कण १० लाख वेळा. उलट ताशी १०० किमी वेगाला चाक सेकंदाला फक्त १४ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा सांगाडा तेवढ्याच वेळा वाकतो. याच तफावतीचा फायदा सिलिका घातलेलं कंपाउंड (टायरच्या रबराचं मिश्रण) घेतं: सावकाश वाकताना कमी ऊर्जा गमावतं, खड्यांच्या माऱ्यात जास्त. म्हणून ते थंड आणि ओल्या रस्त्यावरही धरतं.

स्लिकचं (खाचा नसलेल्या, शर्यतीच्या गुळगुळीत टायरचं) किंवा स्लिकसारख्या, नावापुरत्या खाचा असलेल्या टायरचं रबर साधारण ८० अंशांच्या पुढे खुलतं, म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, वॉर्मर (टायर तापवणारं विजेचं आवरण) लावतात. रस्त्यावर टायर अनेकदा ४०-५० अंशांतच राहतो. तिथे हे ‘मऊ’ रबर कडक असतं, आणि सरळ हायवेवर तापला तरी मधला पट्टा तापतो, कडा गारच राहतात. स्लिक तर रस्त्यासाठी नसतोच. त्याच्यावर एनएचएस ही अक्षरं असतात, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर मनाई.

ट्रॅकवर स्वतः चालवत जायचं आणि चालवतच परतायचं असेल तर निवड अवघड नाही: हायपरस्पोर्ट गटातला (रस्त्याच्या टायरांतला सर्वात वेगवान चालवण्यासाठीचा), मध्ये कडक आणि कडांना मऊ अशा दोन कंपाउंडचा रस्त्याचा टायर. पुढचा-मागचा एकाच मॉडेलचा घ्या. आकार आणि खुणा गाडीच्या पुस्तिकेशी जुळवा. ७३ डब्ल्यू म्हणजे ३६५ किलो भार आणि ताशी २७० किमी. साईडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) चार अंकी आकडा वाचा, २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला. टूरिंग (लांब प्रवासाचा) टायर ट्रॅकवर नेता येतो, पण काही लॅपमध्ये तो त्याच्या तापमानाची वरची हद्द ओलांडतो आणि मागचं चाक तेलकट रस्त्यावर असल्यासारखं सरकू लागतं.

हवेचं गणित मात्र कोणत्याच टायरला चुकत नाही. २० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर आतून ६० अंशांपर्यंत तापला की गेज ३६ दाखवतो. (वातावरणाचे १४.७ मिळवायचे, केल्विनच्या प्रमाणात वाढवायचे, पुन्हा वजा करायचे.) म्हणून पुस्तिकेतले ३६-४२ ठेवून ट्रॅकवर उतरलात तर टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो. टायर उत्पादकाचा ट्रॅकसाठीचा तक्ता मिळाला तर तोच पाळा. नसेल तर थंड असताना दोन्हीकडे ३० च्या आसपास सुरुवात करा, पाच-सहा लॅपनंतर पिटमध्ये आल्याआल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि दर वेळी एकच पीएसआय बदला. नायट्रोजन भरला की तापल्यावर दाब वाढणं टळतं म्हणतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि कोरडा वायू कोणताही असो, तापल्यावर तेवढाच प्रसरण पावतो. फरक पडतो तो ओलाव्याने. ते पैसे खात्रीच्या गेजवर घाला.

पहिल्या लॅपला गाडी डावी-उजवी डोलवून टायर तापत नाही. सरळ रेषेतले ब्रेक आणि थ्रॉटल त्याला तापवतात.

मग कडा बघा. बारीक, एकसारखे, सँडपेपरसारखे दाणे दिसले तर ठीक. निळसर चकाकी आणि कडेला रबराच्या गोळ्या म्हणजे टायर जास्त तापलाय. खोल, ओरबाडल्यासारखे फाटे दिसले तर रबर पुरेसं तापण्याआधीच जोर लावला गेला, किंवा हवा चुकली. प्रत्येक तापणं-निवणं रबराला थोडं आणखी कडक करतं, म्हणून खाचा शिल्लक असूनही टायर ‘मेलेला’ असू शकतो. परतीला निघण्याआधी टायर निवू द्या आणि हवा पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. ट्रॅकच्या दाबावर हायवे धरला तर सांगाडा जास्त वाकतो, आतून तापतो आणि सामान किंवा मागे बसलेलं माणूस असेल तर भाराची मर्यादाही मोडते.