हंसाच्या चोचीतले दोन रंग

पाऊस सरून ऑक्टोबरचं आकाश मोकळं झालं की माझी दुर्बीण सगळ्यात आधी हंस तारकासमूहाच्या चोचीकडे वळते. अभिजित आणि श्रवण यांच्या साधारण मधोमध, रेषेच्या किंचित बाजूला, नुसत्या डोळ्यांना तिथे एकच मध्यम तेजाचा तारा दिसतो. त्याचं नाव अल्बिरिओ. 30-40 पट मोठं दाखवणारा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की त्याचे दोन होतात: थोरला केशरी झाक असलेला पिवळा आणि त्याला खेटून धाकटा निळसर. हा निळा गडद नसतो. पांढऱ्या कपड्याला बेताची नीळ दिल्यावर येतो, तसा. दोघांमधलं अंतर जेमतेम 35 विकला, म्हणजे एका अंशाचा सुमारे शंभरावा भाग. तरी 60 मिलिमीटरची छोटी दुर्बीणही त्यांना सहज वेगळं करते.

हे रंग तापमानाचे आहेत. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. थोरला तारा सुमारे 4,300 केल्विनचा, धाकटा जवळपास 13,000 केल्विनचा. आज हे शाळेत शिकवतात, पण 1842 साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर याने जोडताऱ्यांच्या रंगांचं वेगळंच कारण मांडलं होतं: एकमेकांभोवती फिरताना आपल्याकडे येणारा तारा निळा दिसतो, दूर जाणारा तांबडा. ताऱ्यांच्या बाबतीत तो चुकला. डोळ्याला रंग पालटलेला दिसायचा तर प्रकाशाच्या वेगाचा मोठा हिस्सा गाठावा लागेल, आणि हे तारे सेकंदाला साधारण काही डझन किलोमीटरच धावतात. मूळ कल्पना मात्र पक्की निघाली. 1845 मध्ये नेदरलँड्समध्ये धावत्या आगगाडीत तुतारीवाले बसवून ती आवाजावर तपासली गेली, आणि पुढे वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून ताऱ्यांचे वेग मोजता येऊ लागले. हृदयाच्या तपासणीत डॉक्टर 'डॉप्लर' म्हणतात, त्या शब्दाचा उगम या रंगीत जोड्यांत आहे, हे आठवलं की मला आयपीसपासून डोळा काढवत नाही.

पण सगळा रंग ताऱ्याचा नसतो, थोडा आपल्या डोळ्याचाही असतो. वृश्चिकेतली ज्येष्ठा घ्या. तिच्या फिकट सोबत्याला अनेक निरीक्षकांनी हिरवा म्हटलंय. हिरवा तारा असूच शकत नाही, कारण ज्याचा प्रकाश हिरव्यापाशी सर्वाधिक असतो तो तांबडा आणि निळाही भरपूर फेकतो, म्हणून तो पांढराच दिसतो. ज्येष्ठेचा सोबती खरा निळसर पांढरा. शेजारच्या तांबड्या झगमगाटामुळे मेंदू त्याला हिरवट ठरवतो.

अल्बिरिओवर हे स्वतः तपासता येतं. दुर्बीण हळूच सरकवून केशरी तारा दृष्टिक्षेत्राच्या काठाबाहेर ढकला आणि निळा एकटाच आत ठेवा. काही क्षणांत त्याचा निळेपणा ओसरतो, तो जवळजवळ पांढरा वाटू लागतो. थोरल्याला पुन्हा आत घ्या, नीळ परत चढते. मी हे दर वर्षी करतो आणि दर वर्षी तितकंच नवल वाटतं.

रंग नीट दिसायला प्रकाश ना फार कमी लागतो, ना फार जास्त. तारा मंद असला तर डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जाग्याच होत नाहीत आणि करडा ठिपका दिसतो. फार तेजस्वी असला तर सगळं पांढरं होऊन जातं. अशा वेळी फोकस जरासा ढिला करावा. ठिपक्याची छोटी चकती होते आणि रंग त्यात पसरून बसतो. भिंगाच्या स्वस्त दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी कड येते, ती ताऱ्याची समजू नका. आरशाच्या दुर्बिणीत ती नसते. क्षितिजाजवळचे तारेही सोडून द्या, तिथे हवाच प्रकाशाचे रंग फाकवते.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला देवयानी तारकासमूहातला अल्माक हा जोडतारा महाराष्ट्रातून चांगला उंचावर असतो. सोनेरी आणि निळा, पण अंतर 10 विकलांच्या आत, म्हणून आयपीस 100 पटींचा लावा. सोबत कुणी असेल तर दोघांनी न बोलता आपापला रंग वहीत लिहावा आणि मगच एकमेकांना दाखवावा.