सोनेरी झुंबरांमागचा पारा

रशियाची जुनी राजधानी सेंट पीटर्सबर्ग वसलंय ६० उत्तर अक्षांशाच्या आसपास. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथला दिवस सहा तासांचाही भरत नाही. वीज येण्याआधी ही लांब रात्र कशाने उजळायची, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर ठरे. खेड्यातल्या लाकडी घरांत बर्चची वाळकी ढलपी लोखंडी चिमट्यात अडकवून पेटवत. तिचं नाव 'लुचीना'. ठिणगी पडून घर पेटू नये म्हणून खाली पाण्याचं भांडं ठेवायचं आणि एक ढलपी संपत आली की दुसरी लावायची. शहरात चरबीच्या मेणबत्त्या होत्या. त्यांना वास येई, धूर होई आणि वातीचं जळालेलं टोक सारखं कातरावं लागे. मधमाश्यांचं मेण स्वच्छ जळे, पण महाग. ते चर्चमध्ये आणि उमरावांच्या दिवाणखान्यात जळायचं. दिवाणखान्यातही बहुतेकदा पाहुणे येणार असतील तेव्हाच.

एका मेणबत्तीतून साधारण १२ ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश मिळतो. आपल्या घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा आठशेच्या पुढे जातो, म्हणजे सत्तरेक मेणबत्त्यांचं काम एकटा करतो. अशा वेळी असलेला उजेड वाया जाऊ न देणं महत्त्वाचं, आणि सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ तिथे खरंच उपयोगी पडे. ज्योतीच्या प्रकाशात पिवळा-तांबडा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो. सोनं निळा प्रकाश बराचसा शोषून घेतं, पण पिवळा-तांबडा जवळजवळ सगळा परत पाठवतं. चांदी याहून सरस आरसा, पण हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते. सोनं काळवंडत नाही. त्यामुळे ही नुसती श्रीमंतीची मिरवणूक होती असं मला वाटत नाही. कारागीर काही भाग खरखरीत ठेवत आणि काही भाग अकीकाच्या दगडाने घासून लखलखीत करत. ज्योत जरा हलली की त्या कडांवर उजेड खेळू लागे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पीटर्सबर्गच्या झुंबरांना स्वतःची ओळख मिळाली: सोनेरी सांगाडा, मधोमध माणकासारख्या लाल किंवा गर्द निळ्या काचेचा दांडा आणि भोवती स्फटिकासारख्या काचेच्या माळा. योहान झेख हा या कामातला नावाजलेला कारागीर. १८०५ मध्ये शहरात सरकारी ब्राँझ कारखानाही निघाला. आंद्रेई वोरोनिखिनसारखे वास्तुकार अशा वस्तूंचे आराखडे करत. यातलं 'ब्राँझ' पुष्कळदा पितळेच्या जवळचंच असे. तांब्यात जस्त, थोडं कथील आणि शिसं मिसळलं की धातू साच्यात नीट वाहतो आणि मुलामाही चांगला धरतो.

खरी किंमत मोजावी लागे ती मुलाम्यात. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करायचा, तो वस्तूवर चोपडायचा आणि ती कोळशावर तापवायची. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तापवताना तो वाफ होऊन उडतो आणि सोनं धातूला घट्ट धरून राहतं. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात हलत, मेंदूवर परिणाम होई. पीटर्सबर्गमधल्याच सेंट आयझॅक कॅथीड्रल या मोठ्या चर्चचा घुमट याच पद्धतीने सोन्याने मढवताना सुमारे ६० कामगार दगावले, असं सांगितलं जातं. दिवाणखान्यातल्या एखाद्या झुंबरासाठी किती जणांनी ती वाफ गिळली, हे मात्र कुणी मोजत बसलं नाही.

पाऱ्यापासून सुटकेची एक वाट त्याच शहरातून गेली, हे विशेष. तिथे काम करणाऱ्या मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये विजेच्या साहाय्याने धातूचा थर साचवण्याची रीत दाखवली. पुढच्या काही वर्षांत विजेने सोनं चढवणं युरोपभर पसरलं. त्याच सेंट आयझॅकमधली काही शिल्पं या नव्या रीतीने घडवली गेली. विजेने चढवलेला थर सहसा पाऱ्याच्या मुलाम्याहून पातळ असतो, त्याची झळाळीही थोडी वेगळी. म्हणून जुन्या वस्तूंचे दर्दी अजूनही पाऱ्याचाच मुलामा शोधतात.

मेणबत्तीही बदलत होती. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्रलच्या चरबीवरच्या संशोधनातून स्टिअरिनची, म्हणजे चरबीतून काढलेल्या मेणासारख्या घट्ट पदार्थाची वाट सापडली आणि विणलेली वातही निघाली. ही वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जातं, त्यामुळे कात्री लागत नाही. मग मध्यमवर्गीय रशियन घरांतही स्वच्छ उजेड पोचला. त्यांच्यासाठी जस्ताची ओतीव मेणबत्तीदानं निघाली, वरून ब्राँझचा रंग दिलेली. तीच आज जुन्या बाजारात खरं ब्राँझ म्हणून खपवतात. तळाशी खरवडलेल्या जागी धातू पिवळसर न दिसता राखाडी दिसला, तर ते जस्त.