पॅडल ओढल्यावर गिअर कोण टाकतं?

हल्ली साध्या फॅमिली कारच्या जाहिरातीतही 'पॅडल शिफ्टर्स' हे शब्द ठळक छापलेले असतात आणि त्यांच्या शेजारी हमखास फॉर्म्युला वनचं नाव येतं. त्यातून एक समज घट्ट बसलाय: गिअरबॉक्स दोन प्रकारचे, एक हाताने गिअर टाकायचा आणि दुसरा पॅडलचा, आणि पॅडलचा म्हणजे आपोआपच वेगवान. स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांची भांडणंही याच दोन गटांत चालतात. पण पॅडल हा मुळात गिअरबॉक्सचा प्रकारच नाही. ती स्टिअरिंगमागची दोन बटणं आहेत. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा, एवढा निरोप ती संगणकाला देतात. त्यापुढे गिअर नेमका कोण टाकतं, कसा टाकतं, हे गाडीगणिक पार वेगळं असतं. ते समजायचं तर आधी हाताने गिअर टाकताना पेटीत काय घडतं ते बघायला हवं. माझ्या मते मोटारीतला सगळ्यात सुंदर भाग तिथेच दडलेला आहे.

बऱ्याच जणांना वाटतं, गिअर टाकला की एक दातेरी चाक सरकत जाऊन दुसऱ्याला भिडतं. फार जुन्या गाड्यांत तसंच व्हायचं. आजच्या पेटीत मात्र पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एकत्रच फिरत असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मोकळं फिरतं, एवढंच. गिअर टाकणं म्हणजे त्यातल्या हव्या त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडणं. हे काम शाफ्टवर सरकणारी एक कॉलर करते. तिच्या आतल्या अंगाचे दाते मोकळ्या चाकाच्या कडेला असलेल्या छोट्या दात्यांत शिरले की गिअर पडला.

आता अडचण बघा. समजा, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आहे (इंजिनचे दोन फेरे म्हणजे चाकांकडच्या शाफ्टचा एक) आणि तिसऱ्याचं १.५. गाडी दुसऱ्यात आहे, इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतंय. म्हणजे चाकांकडे जाणारा शाफ्ट आणि त्यावरची कॉलर फिरतेय ३,००० फेऱ्यांनी. पण तिसऱ्या गिअरचं मोकळं चाक त्याच क्षणी ४,००० फेऱ्यांनी फिरतंय. मिनिटाला हजार फेऱ्यांचा फरक असताना दात्यांत दाते घालायला गेलं तर काय होतं, ते क्लच नीट न दाबता गिअर टाकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे. तो खर्रर आवाज दात्यांची टोकं घासल्याचा असतो.

पूर्वी हे वेग ड्रायव्हरलाच जुळवावे लागत. जुन्या ट्रकच्या आणि एसटीच्या ड्रायव्हरांचा 'डबल क्लच' तो हाच. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, आणि हे सगळं निव्वळ कानाच्या अंदाजाने. १९२८ साली कॅडिलॅकने अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरची सिंक्रोमेश यंत्रणा आपल्या गाड्यांत आणली आणि हे ओझं उतरलं. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी बसच्या वेगाने धावतो आणि मगच दांडी धरतो. सिंक्रोमेश कॉलरला आणि चाकाला हीच शिस्त लावतं.

कॉलर आणि मोकळं चाक यांच्यामध्ये एक पितळी रिंग बसवलेली असते. तिची आतली बाजू शंकूच्या आकाराची आणि चाकावरही तसाच शंकू. आपण लीव्हर ढकलला की कॉलरच्या आधी ही रिंग जाऊन शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने चाकाचा वेग कमी (किंवा गिअर उतरवताना जास्त) करू लागते. क्लच दाबलेला असल्यामुळे अख्खं इंजिन ओढायचं नसतं; चाक, शाफ्ट आणि क्लचची प्लेट एवढंच वजन असतं, म्हणून बोटभर रुंदीच्या रिंगला ते झेपतं.

पण वेग जुळण्याआधीच आपण जोर लावून कॉलर पुढे रेटली तर? इथे खरी कमाल आहे. शंकूवर घासताना रिंग त्याच्याबरोबर किंचित ओढली जाते आणि साधारण अर्ध्या दात्याएवढी फिरून अडून राहते. त्यामुळे रिंगवरचे दाते कॉलरच्या दात्यांच्या नेमके वाटेत उभे राहतात. दोन्हीकडच्या दात्यांची टोकं तिरपी कापलेली असतात. आपण ढकलत राहतो तेव्हा कॉलरची तिरपी टोकं रिंगला बाजूला सारायचा प्रयत्न करतात, तर घर्षण तिला जागेवर रोखून धरतं. वेगात फरक आहे तोवर घर्षण जिंकतं आणि वाट बंद राहते. दोन्ही वेग सारखे झाले, की घसरणं थांबतं, रोखणारा जोर नाहीसा होतो, रिंग हलकेच बाजूला होते आणि कॉलर आत शिरते. सेन्सर नाही, वायर नाही. वेग जुळले आहेत की नाहीत हे मोजणं आणि त्यावरून निर्णय घेणं, दोन्ही कामं पितळेचा एक तुकडा करतो.

त्या शंकूचा उतारही सहज निवडलेला नाही. शंकू पाचरीसारखा काम करतो, म्हणून ढकलण्याच्या जोराला कोनाच्या साइनने भागावं लागतं. कोन साडेसहा अंशांच्या आसपास ठेवला तर साइन ०.११३ येते, म्हणजे आपला जोर जवळजवळ नऊपट होऊन घासतो. मग कोन आणखी लहान का करत नाहीत? कारण कोनाची टॅन घर्षणांकापेक्षा कमी झाली की रिंग शंकूवर अडकून बसते, सुटतच नाही. तेलात भिजलेल्या पितळ आणि पोलादाचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो आणि साडेसहा अंशांची टॅन ०.११४. म्हणजे अडकण्याच्या अगदी काठावर, पण सुरक्षित बाजूला. मध्ये तेलाचा थर राहिला तर घर्षण होणार नाही, म्हणून रिंगच्या आतून बारीक खाचा पाडतात. त्या थर कापतात. या खाचा झिजल्या की मेकॅनिक 'सिंक्रो गेला' म्हणतो.

आपल्या मोटारसायकलच्या पेटीत मात्र ही रिंग नसते. तिथले जाड दाते थेट एकमेकांत शिरतात. उभ्या गाडीत पहिला टाकताना होणारा 'खट्' त्यांचाच. सुटे भाग हलके आणि दात्यांमधलं अंतर ऐसपैस, म्हणून तिथे ते चालून जातं.

आता हात आणि पॅडल यांच्या शर्यतीकडे येऊ. क्लच दाबणं, लीव्हर हलवणं, सिंक्रोचं काम, क्लच सोडणं, या सगळ्याला सराईत माणसालाही अर्धा सेकंद लागतो असं धरू. ताशी १०० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी सुमारे १४ मीटर जाते आणि तेवढा वेळ चाकांना इंजिनचा जोर मिळत नाही.

२६ मार्च १९८९ ला ब्राझीलच्या जॅकारेपाग्वा ट्रॅकवर नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० मधून शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनमध्ये पॅडलने गिअर बदलणाऱ्या गाडीचा तो पहिला विजय. डिझायनर जॉन बर्नार्डला लीव्हरपासून पेटीपर्यंत जाणारा दांडा नको होता. तो गेला की कॉकपिट अरुंद करता येत होतं आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहत होते. पण आतली पेटी हाताने चालणाऱ्या पेटीचीच बहीण होती. फक्त कॉलर ढकलायचं काम हाताऐवजी तेलाच्या दाबाने होत होतं. १९९७ च्या फेरारी एफ३५५ मध्ये हीच कल्पना रस्त्यावर आली. पुढे ४३० स्कुडेरियासाठी फेरारीने गिअर बदलायचा वेळ ६० मिलिसेकंद सांगितला. ताशी १०० च्या वेगात, दोन मीटरांपेक्षाही कमी अंतर.

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आपल्याकडे आलेली 'एएमटी' याच घराण्यातली आहे. साधी मॅन्युअल पेटी, साधा क्लच, आणि दोन्ही हलवणारं तेलाच्या दाबाचं यंत्र. ते यंत्र पुरवणारी मॅग्नेटी मारेली ही कंपनी फेरारीलाही पुरवठा करत होती. सेलेरिओत पॅडल नव्हतं, तरी फेरारीच्या त्या पेटीशी तिचं नातं पॅडल मिरवणाऱ्या अनेक गाड्यांपेक्षा जवळचं होतं. गिअर बदलताना बसणारा तो एएमटीचा हिसका म्हणजे जोर तुटल्याचा क्षण. फेरारीत तो लहान, स्वस्त गाडीत मोठा.

जोर तुटूच द्यायचा नसेल तर क्लच दोन लागतात. ही कल्पना फ्रान्सच्या अडॉल्फ केग्रेसने १९३९ मध्येच मांडली होती. १, ३, ५ हे गिअर एका क्लचवर. २, ४, ६ दुसऱ्यावर. एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या पोकळ शाफ्टमधून जातो. गाडी दुसऱ्यात पळत असतानाच तिसरा गिअर आधी टाकून ठेवलेला असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो, त्याच वेळी दुसरा पकडतो आणि जोर अखंड राहतो. पोर्शेने १९८०च्या दशकात ९६२ या रेसिंग कारमध्ये हे करून पाहिलं; २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून ते सामान्य ग्राहकापर्यंत आलं. तो आधी टाकून ठेवलेला गिअर टाकतं कोण? तीच पितळी रिंग असलेली सिंक्रोमेश यंत्रणा. तिला आता घाई नसते, एवढाच फरक.

पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीचे कंपनीचे आकडे बघा: दोन क्लचवाली पीडीके गाडी १,४३५ किलोची, ० ते १०० ताशी किलोमीटर ३.४ सेकंदांत. मॅन्युअल १७ किलोने हलकी, तरी ३.९ सेकंद. घड्याळाचा निकाल इथे संपला, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

काही पॅडलांमागे मात्र सीव्हीटी असते. तिच्यात दोन पुल्यांवर फिरणारा पट्टा असतो, गिअरच नसतात. पॅडल ओढलं की संगणक फिरत्या पट्ट्याची पुल्यांवरची जागा ठरावीक ठिकाणी पक्की करून गिअरचा आभास देतो. शहरात चालवायला ती उत्तम आहे, पण तिच्या जाहिरातीत फॉर्म्युला वनचं नाव घेणं ही दिशाभूल आहे. १९९३ मध्ये विल्यम्स संघाने सीव्हीटीची चाचणी घेतली आणि पुढच्याच हंगामापासून नियमांनी ती बंद केली. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत तर पॅडलने गिअर बदलतच नाही. बॅटरीकडे किती ऊर्जा परत घ्यायची ते ठरतं.

गिअरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक समज खोडायला हवा. घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, असं अजून लोक शिकवतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. शिवाय इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. आंबेनळीसारख्या घाटात हा प्रयोग जीवावर बेतू शकतो.

मग मॅन्युअल हवं कशाला? पोर्शेने २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेसह आणली आणि २०१७ मध्ये ग्राहकांच्या आग्रहाने मॅन्युअल परत दिली. मला तो आग्रह पटतो. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबत, त्याच पायाच्या कडेने रेस देत खालचा गिअर टाकणं हे कौशल्य आहे. ते जमलं की क्लच सोडताना गाडीला जराही धक्का बसत नाही. तेही काम २००८ च्या अखेरीस आलेल्या निस्सान ३७०झी पासून संगणक करून देऊ लागला. ते बंद करायची सोय असेल तर बंद करून शिकावं.

स्वीडनच्या कोनिगसेगने २०२२ मध्ये सीसी८५० दाखवली. तिच्यात उघड्या खाचांमधून हलणारा सहा गिअरचा लीव्हर आहे, क्लचचं पेडल आहे, चुकलं तर गाडी बंदही पडते. पण त्या लीव्हरपासून पेटीपर्यंत दांडा जातच नाही. आतली पेटी नऊ गिअरची ऑटोमॅटिक आहे, आणि लीव्हर पॅडलसारखाच संगणकाला निरोप देतो.