उंदरांवर आकडीचा प्रयोग करायचाय? फॉर्म बी असा भरा

एम. फार्म.ला अपस्माराच्या औषधांवर काम घेतलंत, तर पहिल्या उंदराला हात लावण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची, लेखी मंजुरी लागते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनुसार ती बंधनकारक आहे.

कॉलेज सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदणीकृत हवं. ते काम फॉर्म ए चं, संस्थेचं. तुमचा अर्ज फॉर्म बी वर. उंदरांचा निर्णय आयएईसीच घेते. कुत्र्या-माकडांसारखे मोठे प्राणी असतील तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. आयएईसीच्या बैठकीला सीसीएसईएचा प्रतिनिधी लागतोच, म्हणून तारीख आधीच विचारून ठेवा.

अर्जात उंदरांची जात, वजन, लिंग, संख्या आणि ते कुठून आणणार हे लिहायचं. ‘प्रत्येक गटात सहा’ असं नुसतं लिहू नका, संख्येमागचं संख्याशास्त्र दाखवा. प्राण्यांशिवाय हे काम का होत नाही, याचंही उत्तर संदर्भांसह हवं.

खरी कसोटी पुढे आहे. आकडी कशी आणणार, हे बहुतेक जण व्यवस्थित लिहितात: पीटीझेड (आकडी आणणारं रसायन) त्वचेखाली ८५ मिग्रॅ प्रति किलो आणि मग अर्धा तास निरीक्षण, किंवा एमईएसमध्ये (विजेच्या झटक्याने आकडी आणण्याची पद्धत) डोळ्याच्या कॉर्नियावरून ५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. ती थांबवणार कशी, हे मात्र राहून जातं. पायलोकार्पिन किंवा कायनिक अ‍ॅसिड या रसायनांनी आणलेली आकडी थांबता थांबत नाही, उंदीर दगावतात. म्हणून आकडी थांबवणारं डायझेपाम किती वेळाने, किती मात्रेत देणार आणि कोण देणार, हे स्पष्ट लिहा. नंतर सलाइन, मऊ खाद्य, रोजचं वजन. वजन किती घटलं की प्रयोग थांबवून वेदनारहित मृत्यू देणार, तो आकडाही आधीच ठरवा. मला अर्जातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या जिवाला बोलता येत नाही.

निरीक्षणासाठी आकडीची तीव्रता पायऱ्यांत मोजणारी रॅसीनची श्रेणी चालते. कोणती पायरी कशी ओळखणार ते लिहा. व्हिडिओ-ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची व्हिडिओसह नोंद) असेल तर कवटीत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, भूल, वेदनाशामक आणि बरं होण्याचे दिवस वेगळे नोंदवा. एमईएसमध्ये भूल देत नसाल तर त्याचं कारण द्या. भुलीची औषधं आकडीच दाबतात, हे समितीला पटतं.

मंजुरीनंतर प्रत्येक उंदराची नोंद फॉर्म डी मध्ये ठेवायची. मात्रा, पद्धत किंवा संख्या बदलली, तर आधी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज.